पडवीतलं ऑइल

गोवा राज्य झालं त्याच वर्षी माझे यजमान काविळीने गेले. ते सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांच्या दुरुस्तीचं काम करायचे आणि इब्रामपूरहून मोटारसायकलने जाऊन येऊन असायचे. ते गेल्यावर मोटारसायकल पडवीत नुसती उभी राहिली. भेटायला आलेली माणसं तिच्या शेजारच्या बाकावर बसत. यजमानांबद्दल चार वाक्यं झाली की राजभाषा कोकणी की मराठी, हा वाद सुरू होई. मी चहा देई, कप उचलून नेई. कोण कोणत्या बाजूने बोललं, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

धाकटा दीर आमच्यातच राहायचा, तुयेच्या कारखान्यात कामाला होता. बारावं झाल्यावर तो म्हणाला, "वयनी, दादाची गाडी अशीच गंजतली. हांव चलयतां." मी मान हलवली.

एका रविवारी त्याने इंजिनाचं ऑइल बदलायला घेतलं. यजमान हे काम करत तेव्हा खाली परात धरायला मी असायचे, म्हणून मला क्रम माहीत होता. खालचा बोल्ट काढायचा, काळं ऑइल सोडायचं, बोल्टाची तांब्याची चकती नवी घालायची. दिराने जुनीच घातली.

"चकती बदलायला हवी," मी म्हटलं.

"ही बरी आसा, वयनी."

मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी पडवीत पावाएवढा डाग होता. त्याने बोल्ट आवळला. तरी थेंब पडतच राहिले. मग पान्याला लोखंडी नळी लावून, अंगाचा भार टाकून त्याने पुन्हा आवळला. कट्ट असा आवाज आला आणि बोल्ट नुसताच फिरू लागला. त्याने भोवती साबण थापला. ऑइल कमी होतंय म्हणून वरून आणखी ओतलं, खुणेच्या वर. आता ते इंजिनाची हवा सोडणाऱ्या वरच्या नळीतूनही बाहेर येऊ लागलं, मागच्या चाकावर उडू लागलं. मी रोज सकाळी राख टाकायची, झाडायची, पुन्हा टाकायची. त्या दिवसांत मला तेवढं एकच काम नीट जमत होतं.

एका संध्याकाळी तो गाडीखालून उठलाच नाही. कोपरापर्यंत काळा झालेला, तसाच जमिनीवर बसून राहिला.

"दादान माका हिका कधी हात लावूंक दिलो ना," तो म्हणाला आणि रडायला लागला.

मी रॉकेलचा बोळा आणि साबण आणून त्याच्यापुढे ठेवला. मला रडू आलं नाही. हा किती यजमानांसारखा दिसतो, एवढं मनात आलं, आणि तेही तसंच निघून गेलं.

पेडण्याला मामलेदार कचेरीत माझं काम होतं. त्या दिवशी आम्ही मोटारसायकल टेंपोत घालून तिथल्या गॅरेजात नेली. मेकॅनिक खाली वाकला.

"आटे गेलेत बोल्टाचे. आणि एवढं ऑइल कोणी भरलं?"

"हांवें," दीर म्हणाला.

मेकॅनिकने सगळं ऑइल काढलं, नवे आटे पाडून मोठा बोल्ट बसवला, नवी चकती घातली, खुणेपर्यंतच ऑइल भरलं, मागचं चाक पेट्रोलने पुसलं. आम्ही इंजिन चालू ठेवून खाली कागद पसरला आणि तिघंही बघत उभे राहिलो. कागद कोरा राहिला. दिराने सुस्कारा टाकला. मी बाजूला झाले.

परतताना मी दिराच्या मागे बसले. पहिल्यांदाच. एका हाताने कॅरियर घट्ट धरला होता.

"बरी चलता मगे?" त्याने विचारलं.

"हो."

रस्ताभर मी झाडं बघत होते, पण कोणती ते सांगता येणार नाही. घरी पोचल्यावर मात्र मला भूक लागली, कितीतरी दिवसांनी. सकाळचे दोन उंडे पाव उरले होते. चहा केला, त्यात बुडवून दोन्ही खाल्ले. मग दीरही उपाशी असल्याचं आठवलं आणि त्याच्यासाठी भात लावला.