साळवे सरांचा खर्ज

साळवे सरांचे दोन विद्यार्थी एकत्र आले की चहाच्या आधी सरांचा विषय निघतो. सर रिटायर झाले, किस्से काही रिटायर होईनात. मी बदनापूरचा, त्यांच्याकडंच ट्युबा शिकून बँडमध्ये लागलो, म्हणून माझ्या वाट्याला जरा जास्तच आलेत.

सर मूळचे धावड्याचे. मिलिटरी बँडमध्ये ट्रम्पेट मागायला गेले. तिथल्या उस्तादांनी त्यांची छाती बघितली आणि ट्युबा दिला. सगळ्यात मोठं पितळी वाद्य, खर्जात बोलणारं. सरांनी कौतुकानं घरी फोटो पाठवला. सुट्टीत आल्यावर आई म्हणाली, "नोकरी चांगली हाय. पन एवढं मोठं भांडं रोज घासतं कोन?"

"मीच."

"मंग घरी का न्हाई घासत?"

*

पुढं सर मुंबईला सिम्फनी ऑर्केस्ट्रात लागले. एकदा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कॉन्सर्टला नेलं. ट्युबाचं काम अगदी शेवटी. तोवर सर ट्युबा मांडीवर घेऊन, कागदावर नजर ठेवून गप्प. शेवटी दहा-बारा सूर वाजवले, टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "समदे काम करून राह्यले व्हते, तुम्हीच बसेल व्हते."

"अगं, मी मात्रा मोजून राह्यलो व्हतो. एक चुकली की सगळं गेलं."

"बरं. पन साहेबानं विचारलं तर वाजवत व्हतो म्हना."

*

रिटायर झाल्यापासून सरांचा क्लास जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत. पहिला महिना वाद्याला हात लावू देत नाहीत, नुसते ओठ फुरफुरवायचे. मी घरी तेच करत बसायचो. आमचे वडील दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "यासाठी जालन्याला जातो व्हय? आपली म्हैस बिलकुल असंच करती."

मी सरांना सांगितलं. वाटलं, चिडतील.

"तिचे ओठ सैल असतात, तुझे न्हाई," सर म्हणाले. "बघत जा तिच्याकडं."

आठ दिवस मी खरंच गोठ्यात बसलो. फरक पडला.

*

सरांचे विद्यार्थी कुठल्या कुठल्या बँडमध्ये आहेत, पण सरांनी तोंडावर कौतुक केल्याचं कुणालाच आठवत नाही. माझी निवड झाली तेव्हा पेढे घेऊन गेलो. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "बाकीचे आले नव्हते का परीक्षेला?"

*

मागच्या वर्षी सरांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात गेलो तर नर्सनं त्यांच्या हातात तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलेलं. नळीतून श्वास आत ओढायचा, चेंडू वर जातात. सरांनी ओढला. एकच चेंडू हलला, तोही अर्धा. सरांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर चार दिवस मला जाववलं नाही. पाचव्या दिवशी गेलो तर वॉर्डातले बाकीचे चारही पेशंट पलंगावर ताठ बसलेले, प्रत्येकाच्या तोंडात नळी. सर मधल्या पलंगावर, हात वर करून.

"खांदे खाली. पोटातून घ्या. एक, दोन... आज्जी, तुम्ही आधीच आल्या. परत."

तेवढ्यात डॉक्टर आले. सरांना तपासून म्हणाले, "तब्येत बराबर आहे. उद्या घरी जा."

सरांनी आजींकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं.

"सोमवारी सोडता का? यांचा तिसरा चेंडू अजून वर गेला न्हाई."