सायली जिंकेल का?

मंडळी, सिनेमा पुरस्कारांचा माझा यंदाचा अंदाज कुठंय, असं सकाळपासून विचारताय. अडचण अशी, की सहाय्यक अभिनेत्रीच्या नामांकनात माझी मावसबहीण सायली आहे.

आज दुपारी सिडकोत मावशीकडे जेवत होते, तेवढ्यात सायलीचा मुंबईहून फोन आला. मावशीने तो स्पीकरवर टाकला.

"आई, उद्या सोहळ्याला ये ना."

"तू हरलीस तर मला बघवणार नाही गं," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुझे अंदाज चुकत नाहीत. ही जिंकेल का, सांग. तरच जाते."

सायली फोनवर ऐकत होती. मला दुसऱ्याच एकीचं काम सरस वाटतं. पण तोंडून निघालं, "हीच जिंकणार."

मावशी अर्ध्या जेवणावरून उठली आणि पैठणी काढायला गेली.

उद्या सकाळच्या गाडीने ती निघेल. तिला खरं सांगू, की जाऊ देऊ?