पंचांसमोर न सांगितलेली जागा

ती चौकशी अजून माझ्या मनातून जात नाही. मी तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी खबर आली की, आचऱ्याच्या एका तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाने, जाळ्यांच्या खोपीत परदेशी यंत्र लपवले आहे आणि त्यावर दिवा लुकलुकतो.

खोपीत खरोखरच परातीएवढा पिवळा गोळा सापडला. वर सोलरच्या पट्ट्या, खाली अनोळखी लिपीतली अक्षरे. बॉम्बशोधक पथकाने स्फोटक नसल्याचे सांगितले, पण हेरगिरीचा संशय उरलाच.

आता प्रश्न एकच, हे सापडले कुठे? किनाऱ्यापासून बारा सागरी मैल म्हणजे देशाचा स्वतःचा समुद्र. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत मासे आपले, तळाची संपत्ती आपली, पण पाण्यावरून जहाज कोणाचेही जाऊ शकते. म्हणजे वस्तू वाहत आली, की कोणी किनाऱ्याजवळ येऊन हातात दिली, हे त्या जागेवर ठरणार होते.

तांडेल बाकी सगळे घडाघडा सांगे. "माशे साचलेले दिसले, म्हणान होडी वळवलंय. थयच ह्या तरंगताना गावला."

"थय म्हणजे खंय?" हवालदाराने विचारले.

"दर्यात."

हवालदार हसला. मला हसू आले नाही. होडीच्या जीपीएसमधल्या सगळ्या खुणा या माणसाने पुसल्या होत्या. ऐन हंगामात होडी जप्त झाली होती आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठ यंत्रणा त्याला ताब्यात घेणार होती. बायको दारातून काकुळतीने म्हणत होती, "अवो, सांगान टाका एकदाचा!"

मग माझ्या लक्षात आले की, जागेचा विषय निघाला की तो माझ्याकडे बघतच नाही, जबाबाला साक्षीदार म्हणून बसवलेल्या दोन पंचांकडे बघतो. पंच नेहमीप्रमाणे जेटीवरून आणलेले. दोघेही मासेमारी करणारे!

मी दोघांना चहाला पाठवले आणि कामासाठी मालवणात आलेले खारेपाटणचे दोन कापड दुकानदार पंच म्हणून बसवले. तांडेलाने आधी त्यांचीच चौकशी केली. "तुमची होडी आसा?"

"होडी? आमका पवाक पण येणा नाय."

तेव्हा कुठे त्याने अक्षांश-रेखांश तोंडपाठ सांगितले. जागा बारा मैलांच्या बरीच पलीकडे निघाली. बापाने दाखवलेली ती माशांची जागा जपायला गडी कोठडीत जायला तयार होता! माणूस लपवतो म्हणजे गुन्हाच लपवतो असे नाही, हे मी तिथे शिकलो. पुढे कुठल्याही चौकशीला बसण्याआधी खोलीत आणखी कोण आहे, हे मी बघू लागलो.

तज्ज्ञांनी यंत्राचाही उलगडा केला. परदेशी ट्यूना जहाजे असे गोळे समुद्रात सोडतात. त्यांच्या सावलीत मासे जमतात आणि आपण कुठे आहोत, खाली किती मासळी आहे, ते गोळा उपग्रहामार्फत जहाजाला कळवतो. हा प्रवाहाबरोबर आपल्या हद्दीत शिरला होता. मला मोठे नवल वाटले. होडी सोडताना मी तांडेलालाही ते हौसेने समजावून सांगितले. त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजे माझी जागा तेंका आदीच कळली?"

"ते इथे मासे मारू शकत नाहीत. कायदा आहे."

"मारूचे नाय. पण बघतले ना?"

याला माझ्याकडे कलम नव्हते. मला फार वाईट वाटले.

बाहेर ते दोन जुने पंच होडी न्यायला मदत म्हणून थांबले होते. तांडेलाने त्यांना जवळ बोलावले आणि माझ्यादेखत जागेचे आकडे सांगून टाकले.

"परक्यांका कळली," तो म्हणाला, "मगे तुमका नको कित्या?"