खाच असलेले पंख

मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पीएच.डी.ची सहा वर्षं मी फळमाशीच्या पंखात घालवली. अळीच्या अंगात पेशींची एक इवलीशी चपटी पिशवी असते, तिचाच पुढे पंख होतो. त्या पिशवीतल्या काही पेशी संदेशाचे रेणू सोडतात. ते जवळच्या पेशींना जास्त मिळतात, लांबच्यांना कमी. कुणी शीर व्हायचं, कुणी कडा, किती वाढायचं, हे त्यावरून ठरतं. वर्गात हे सांगताना मला अजूनही आनंद होतो. म्हणूनच एका विद्यार्थिनीची आठवण जास्त टोचते.

ती हरसूलकडची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आईवडील हंगामात निफाडला द्राक्षाच्या कामाला येत. प्रकल्पासाठी तिने तिथल्याच सडक्या द्राक्षांच्या ढिगावरून माशा पकडून आणल्या, मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून बाटल्यांत वाढवल्या. एक दिवस ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, काही माशांच्या पंखांना टोकाशी खाच आहे."

कॉलेजची तपासणी होणार होती आणि मी फायलींत बुडाले होते. मान वर न करता म्हणाले, "खाद्य शिळं झालं असेल. गर्दी झाली की पंख फाटतात."

"नाय मॅडम, खाद्य नवीनच आहे. आणि खाच फक्त माद्यांना आहे. नर तर निम्मेच निघतात. तीन पिढ्या झाल्या."

"मोजताना चुकलं असेल. त्या बाटल्या माशांसकट उकळून टाक, नव्याने सुरुवात कर."

ती "बरं" म्हणाली. सूक्ष्मदर्शक माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होता.

बाटल्या तिने त्याच दिवशी उकळल्या. उरलेल्या वेळात एक साधासा प्रकल्प करून ती पास झाली आणि गेली.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना तिची वही सापडली. पेन्सिलीने काढलेले पंख, प्रत्येक शीर जागच्या जागी, टोकाशी खाच. शेजारी खाचवाल्या माद्यांच्या संततीची पिढीवार मोजणी: दोन माद्यांमागे एक नर. पंख फाटलेले नव्हते, हा जनुकातला बिघाड होता. शेजारच्या पेशीचा संदेश घेणारा एक रेणू असतो. तो निम्माच बनला तर पंखाची कडा नीट घडत नाही. मादीकडे तो रेणू बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, नराकडे एकच. तीच बिघडली तर तो अंड्यातच मरतो. हे मी पाठ म्हणू शकले असते. त्या दिवशी नुसतं ऐकलं असतं तरी पुरे होतं.

नंबर शोधून फोन केला. ती नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर लागली होती. पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटली. मी वही पुढे केली आणि म्हणाले, "तुझं बरोबर होतं. चूक माझी झाली. मी बघायलासुद्धा उठले नाही."

तिने पानं उलटली. "मला वाटलं, मला मोजताच येत नाही. म्हणून पीएच.डी.चे फॉर्म भरलेच नाहीत."

मग तिनेच विचारलं, "नर का मरत होते, मॅडम?"

मी सांगितलं. चहा गार होईपर्यंत ती विचारत राहिली, आणि प्रत्येक प्रश्न नेमका होता.

"अजून वेळ गेलेली नाही," मी म्हणाले. "ये परत. मी सोबत आहे."

"भाऊ शिकतोय, मॅडम. आता नाय जमायचं." ती रागाने बोलली नाही. राग मला सोपा गेला असता.

तिला म्हटलं, वही घेऊन जा. "तुमच्याकडंच ठेवा," म्हणत ती बसकडे गेली.

द्राक्षांच्या हंगामात मी निफाडला जाऊन माशा पकडून आणल्या. प्रत्येक मादीचे पंख तपासले. सगळे अखंड होते.