वहिनींसाठी शोधलेला समुद्र

यंदा चैत्रात कुठल्या समुद्रावर जायचं हे मी ठरवलं, आणि ते एका माणसाचा सूड घ्यायचा म्हणून ठरवलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून सूर्यास्ताच्या वर्णनाची अपेक्षा ठेवणार नाही.

तो माणूस म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला वहिनी म्हणते, अहो-जाहो करते. मनात कधीच करत नाही, म्हणून इथंही करणार नाही.

सातपूरला एकाच बंगलीत आम्ही राहतो. खाली ती आणि थोरले दीर, वर मी, माझा नवरा आणि मुलगी. सासू-सासरे होते तेव्हापासूनची पद्धत अशी की परीक्षा संपल्या, ऊन तापायला लागलं की सगळ्यांनी मिळून गाडी काढायची आणि समुद्र गाठायचा. माझ्या लग्नानंतर महिन्याभरातच अशी एक सहल निघाली. भाड्याची ट्रॅक्स होती. अलिबागच्या पुढं कुठंतरी गेलो होतो. मी नाशिकची, पाणी म्हणजे गोदावरीचं आणि गंगापूरच्या धरणाचं. समुद्र पहिल्यांदाच बघत होते. चपला काढल्या, पदर खोचला, आणि नवऱ्याच्या मागं निघाले तेवढ्यात ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिला नका नेऊ हो भाऊजी पाण्यात. तिची अडचण आहे. ती बसेल सामानापाशी."

मला कसलीही अडचण नव्हती.

आता तुम्हीच सांगा, महिन्याभरापूर्वी घरात आलेल्या सुनेनं अशा वेळी काय म्हणायचं? समोर सासरे उभे, दीर उभे. 'नाही हो, मला काही झालेलं नाही' असं मोठ्यानं म्हणायचं? माझी जीभच उचलली नाही. सासऱ्यांनी मान दुसरीकडे वळवली, नवरा खजील होऊन पुढं गेला, आणि मी पिशव्या, थर्मास आणि सगळ्यांच्या चपला यांच्या मधोमध वाळूत बसले. ती मात्र माझ्या डोळ्यांदेखत गुडघाभर पाण्यात खिदळत होती. लाट आली की किंचाळायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते. पण एकदा अडचण म्हटली की म्हटली. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या गणपतीला सगळे आत गेले, मी बाहेर. सासूबाईंनी प्रसाद आणला तो हात न लावता वरून माझ्या ओंजळीत सोडला. घरी आल्यावरही मला उरलेले दिवस बाजूला बसवलं. आणि मग दहा-बारा दिवसांनी माझी खरीखुरी वेळ आली. सासूबाई म्हणाल्या, "परत? इतक्यात?" त्यांना बिचाऱ्यांना काळजी वाटली. त्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. जो आजार मला नव्हताच त्याची औषधं मी तीन महिने घेतली. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "वहिनीचा गैरसमज झाला असेल, जाऊ दे ना."

मी जाऊ दिलं नाही. फक्त बोलले नाही.

पुढच्या वर्षी कुणी काही विचारलंच नाही. ती म्हणाली, "तू बस गं सामानापाशी, तुला सवय आहे." मग मुलगी पोटात होती म्हणून मी बसले, मग ती अंगावर पीत होती म्हणून बसले, मग नुसतीच बसले. असे किती समुद्र मी चपलांच्या शेजारून पाहिले! माझी मुलगी पोहायला शिकली, मी टॉवेल धरून उभी राहिले. एखाद्या वर्षी मी उठायला गेले की सासूबाईंपासून सगळ्यांचे डोळे पिशव्यांकडे जायचे, आणि मी परत बसायचे.

आता सासू-सासरे नाहीत. थोरल्या दिरांच्या डोळ्यांना साखरेनं धरलंय, त्यांनी स्टिअरिंग सोडलं. माझा नवरा गाडी कधी शिकलाच नाही. मी शिकले, कारण अंबडच्या कंपनीत क्वालिटीला आहे आणि पाळ्या बदलत असतात, रिक्षावाल्यांवर किती दिवस राहायचं. सात जणांची गाडी घेतली तीही माझ्या पगारावर. फाल्गुनात दिरांनी नेहमीसारखा विषय काढला, "यंदा दमण करू." पुरुषांचा समुद्र नेहमी दमणला का असतो हे नाशिकच्या कुठल्याही बाईला विचारा.

मी म्हणाले, "गाडी मी चालवणार आहे. जागा मी ठरवते."

 आणि मी कामाला लागले.

कंपनीत माझं काम माल नापास करण्याचं आहे. तशीच मी समुद्र नापास करत गेले. फक्त लोक जे बघतात त्याच्या उलट बघत होते. माझ्या जाऊचे गुडघे गेलेत. सपाट फरशीवर ती बरी चालते, पण वाळूत दहा पावलं टाकली की तिला बसावं लागतं. तेव्हा एका किनाऱ्यावर घोडागाडी मिळते असं कळलं, तो नापास केला, कारण ती घोडागाडीत बसून पाण्याशी गेली असती. दुसऱ्या ठिकाणी गाडी थेट पाण्याच्या कडेपर्यंत जाते म्हणे. नापास. दिवेआगरसाठी मुलगी फार आग्रह करत होती. फोटो पाहिले तर पाणी देखणं, वाळू घट्ट, सुरूच्या बनातून चार पावलांवर लाटा. मी म्हणाले, "फार लांब पडतं." माझी कोकणातली एक मैत्रीण म्हणाली, अगं, वसंतात समुद्र शांत असतो, कुठंही जा. मी तिला विचारलं, "पाणी सगळ्यात लांब कुठं जातं?"

ती चमकली, पण तिनं सांगितलं. डहाणूच्या बाजूला एक गाव आहे. तिथं ओहोटीला समुद्र इतका मागं सरतो की बघणाऱ्याला वाटतं तो गेलाच. आम्हा घाटावरच्या माणसांना समुद्र म्हणजे एका जागी असलेली वस्तू वाटते, फोटोत असते तशी. तो येतो-जातो हे माहीत असतं, पण निघताना त्याची वेळ विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मी विचारली. तिथल्या एका खानावळीतल्या बाईंना फोन केला.

"त्या दिवशी सकाळची सुकती हाय," त्या म्हणाल्या. "तुमी जेवणाच्या आधी आल्या तर पाणी लय लांब असंल. दुपार कलली का येतं मग, सुरूच्या झाडांपातुर. तवा या की."

"नाही," मी म्हणाले, "आम्ही लवकर येतो आणि लवकर निघतो."

मुक्काम मुद्दाम जव्हारला ठेवला, म्हणजे अंधाराच्या आत घाट चढायला हवा हे कारण आयतं मिळालं. सगळं चोख जमलं होतं. त्या आठवड्यात मी कामावर गाणं गुणगुणत होते असं माझ्या हाताखालच्या पोरी सांगतात.

निघालो त्या दिवशी ती माझ्या शेजारी पुढं बसली, पाय मोकळे ठेवायला. दीर मधल्या सीटवर, द्राक्षांची पेटी मांडीवर घेऊन, रस्ता सांगत होते. मी ऐकत नव्हते. त्र्यंबकच्या रस्त्यानं जव्हार ओलांडून खाली उतरलो. मोहाची फुलं वेचायला बाया टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. ती म्हणाली, "काय छान चालवतेस गं." मी म्हणाले, "तुमचे आशीर्वाद."

किनाऱ्यावर पोचलो. समोर नुसता चिखल-वाळूचा पसारा, आणि पार तिकडे, आभाळाच्या कडेला, पांढरी रेघ. "समुद्र कुठाय?" नवऱ्यानं विचारलं.

मी सामान उतरवलं, सुरूच्या झाडाखाली सतरंजी टाकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनींना नाही जमणार हो इतकं लांब. त्यांचे गुडघे. त्या बसतील सामानापाशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर 'मी येते' असं आलं होतं, मला दिसलं. पण दीर म्हणाले, "हो हो, तू बस," आणि चालायला लागले. ती बसली.

मी चिखल तुडवत गेले. पाण्यात शिरले, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. मुलगी ओरडत होती, "आई, मागे लाट बघ!" मी मागे बघत नव्हते. मी समुद्राकडे पाठ करून उभी होते आणि किनाऱ्याकडे पाहत होते. सुरूखाली एक ठिपका, शेजारी चपला. खारं पाणी तोंडात गेलं तरी मी हलले नाही. इतक्या वर्षांनी समुद्रात गेले आणि समुद्र पाहिलाच नाही. पण खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

जेवणं झाली. दशम्या, चटणी, द्राक्षं. पुरुष आणि मुलगी परत पाण्याकडे गेले. मी ओले कपडे पिळायला थांबले. तेव्हा ती म्हणाली, "मघापेक्षा जवळ आलंय ना गं पाणी? इथवर येतं का?"

मला पक्कं माहीत होतं. अजून तासाभरात तिला उठायचीही गरज नव्हती, नुसते पाय लांब केले असते की भिजले असते.

"नाही येत वहिनी," मी म्हणाले. "एवढ्यावरच थांबतं."

"बरं," ती म्हणाली. बराच वेळ त्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिली. मग तिनं एकदम तिच्या माहेरच्या, सटाण्याकडच्या बोलीत सुरुवात केली. एरवी ती शहरातलं बोलते. "तुला ती पहिली खेप आठवती का? तुझ्या लग्नानंतरची?"

मी कपडे पिळायची थांबले.

"अडचण माझी होती," ती म्हणाली. "गाडीतच कळलं व्हतं मला. मी तवर समुंदर बघेलच नव्हता. तीन वरीस लग्नाला झाले, दर वर्षी काही ना काही निघायचं, मी घरीच राहायचे. म्हटलं सांगितलं का झालं, परत बसा. कोणी बाई बाजूला बसली तर दुसरीवर कोणाचं ध्यान जात नाय. म्हणून तुझं नाव घेतलं."

"मला सांगायला हवं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"सांगितलं असतं तर बसली असतीस?"

मी विचार केला. खरंच केला. "नसते बसले," मी म्हणाले.

"मंग," ती म्हणाली.

माझ्या मनात दया आली असं लिहिलं तर वाचायला गोड वाटेल. मला दया आली नाही. संताप आला. म्हणजे हिला सगळं माहीत होतं, गोळ्यांसकट सगळं. विसरली नव्हती, गैरसमजही नव्हता. तरी पुढं दर वर्षी 'तुला सवय आहे' म्हणत राहिली, कारण मी बसले की ती सुटायची. आणि त्या संतापाच्या तळाशी एक दुसरीच गोष्ट टोचत होती. आम्ही दोघी जिच्यावरून इतकी वर्षं मनातल्या मनात भांडलो त्या बसायच्या जागेवर 'मी बसतो' असं पुरुषांपैकी कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. आत्ताही ते दोघं पाण्यात उभे राहून हात हलवत होते.

मला म्हणता आलं असतं, थांबा, येतं पाणी. अजून म्हणता आलं असतं. मी हाक मारली, "चला, घाट आहे पुढं!"

तिला हात देऊन उठवलं, गाडीत बसवलं. गावात टपरीवर चहा-भजी खाण्यात बराच वेळ गेला, दिरांना प्रत्येक ठिकाणी दुसरा चहा लागतो. मग त्याच किनाऱ्याच्या रस्त्यानं परत निघालो.

सुरूच्या झाडांमधून पाणी दिसलं. चिखल कुठंच नव्हता. जिथं सतरंजी होती तिथं फेस येऊन पसरत होता आणि गावातली पोरं त्यात उड्या मारत होती. ती काच खाली करून बघायला लागली. तिचा हात दाराच्या खटक्यावर गेला आणि तिथंच थांबला. मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, काय राहिलं का?" मागून दिरांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

तिनं नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी मी थांबले असते, असं मी स्वतःला सांगते. पण ती म्हणाली नाही, आणि का म्हणाली नाही हे त्या गाडीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्ता रिकामा होता. मी ब्रेक मारला नाही.