काळ्या वानराची तसबीर

ती फिर्याद मला आजही आठवते, आणि आठवली की आधी माझाच राग येतो. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं, इंग्रजी अंमल. मी नाशकात नवा फौजदार होतो. नवा म्हणजे इतका, की कडक इस्त्रीचा गणवेश अंगात घातला की आपल्याला सगळं समजतं असं मला वाटायचं.

फिर्यादी होते जंगल खात्यातून निवृत्त झालेले एक रावसाहेब. त्यांची सारी नोकरी कारवारकडच्या दाट रानात गेली होती. गंगापूरच्या रस्त्याला त्यांचा बंगला होता आणि दिवाणखान्यात शिसवी चौकटीत एक मोठा फोटो लावलेला होता. काळंकुट्ट वानर, तोंडाभोवती पांढुरकी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. हे वानर दक्षिणेकडच्या त्या रानांखेरीज कुठे सापडत नाही, आणि तिथेही माणसाची चाहूल लागली की शेंड्यावर पसार होतं. रावसाहेबांनी अकरा दिवस मचाणावर बसून तो फोटो काढला, ही हकिगत नाशकातल्या प्रत्येक वकील-डॉक्टरनं चहाबरोबर ऐकली होती. मीही ऐकली होती, दोनदा. आता मुंबईहून प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक मुद्दाम तो फोटो पाहायला येणार होते. ते यायच्या पाच दिवस आधी फोटो चौकटीसकट नाहीसा झाला.

रावसाहेबांचा संशय बागेतल्या गड्यावर होता. हा गडी पेठकडच्या डोंगरातला. "सारखा त्या फोटोसमोर उभा असायचा," रावसाहेब म्हणाले. "त्याचा डोळाच होता त्यावर."

मी पंचनामा केला. खिडक्यांच्या कड्या शाबूत, कुलूप शाबूत. चांदीचं तबक जागेवर आणि वानराचा फोटो तेवढा गायब, हे पाहून कुणीही शहाणा माणूस थबकला असता. मी थबकलो नाही. फिर्याद रावसाहेबांची आणि संशयित डोंगरातला गडी, एवढ्यावर माझा तपास संपला. त्याच दुपारी त्याला धरून आणलं. मॅजिस्ट्रेटकडून कोठडी मिळायला रावसाहेबांचं नाव पुरलं.

कुठे लपवलास, कुणाला विकलास, हे मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. "मी नाय नेला, सायेब," एवढंच तो म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या थोबाडीत मारली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मारली. आमचे जमादार वयानं मोठे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी नवं जोडतो. हा पहिल्यापासून तेच बोलतोय." मी त्यांना गप्प केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भद्रकाली भागातले एक मुसलमान कारागीर ठाण्यात आले. तसबिरी मढवणं हा त्यांचा धंदा. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, जी चौकट चोरीला गेली म्हणतात, ती माझ्या दुकानात आहे."

"कुणी आणली?"

"दिंडोरीच्या एका बाईंनी. त्यात वणीच्या देवीची तसबीर बसवून मागितलीय. चौकट माझ्याच हातची, सांधा पाहिला आणि ओळखली. बाई म्हणतात, भावानं दिली. भाऊ म्हणजे खुद्द रावसाहेब. आता चोर कोण ते तुम्ही बघा, पण त्या गरिबाला मारू नका."

बाईंकडे चौकशी केली, तर गोष्ट खरी निघाली. रावसाहेबांनी फोटो काढून घेऊन रिकामी चौकट बहिणीला दिली होती. फोटो जाळला, पण उत्तम शिसवी लाकूड चुलीत घालायला त्यांचा हात धजला नाही. चांगले शिजवलेले बेत अशा काटकसरीनं फसलेले मी पुढेही पाहिले.

पण स्वतःचाच फोटो कुणी कशाला चोरेल? मी गड्याला कोठडीबाहेर काढलं, बाकावर बसवलं, चहा दिला. मग विचारलं, "त्या फोटोत तू एवढं काय पाहत होतास?"

"पाय, सायेब. वांदराचा पाय."

"त्यात काय पाहायचं?"

"जित्ता वांदर फांदीला आंगठ्यानं गच्च धरतो. ह्याचा पाय फांदीवर नुसता ठेवलेला हाय. तो मेलेला हाय, सायेब. कुणीतरी बसवलाय त्याला."

"हे रावसाहेबांना बोललास?"

"बोललो ना, मागल्या आठवड्यात. ते कायच बोललं नाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं?"

मी तसाच उठून रावसाहेबांच्या बंगल्यावर गेलो.

रावसाहेबांनी फार ताणलं नाही. अकरा दिवस मचाणावर बसले होते, हे खरं होतं. वानर आलंच नाही. बाराव्या दिवशी एका शिकाऱ्यानं मारलेलं वानर आणून दिलं, आणि त्यांनी ते तारेनं फांदीला बांधून फोटो काढला. रानातल्या माणसानं ते ओळखलं, तर प्राध्यापक ओळखणारच. म्हणून फोटो नाहीसा केला. आणि गडी कुठे बोललाच, तर चोराच्या बोलण्याला कोण विचारतो! हे सांगताना ते रडले. फिर्याद मागे घेतो, फोटो घरातच वाळवीनं खाल्लेला सापडला असं लिहा, म्हणाले. माझ्या वरिष्ठांनीही तेच सुचवलं. खोट्या फिर्यादीचा खटला भरायला हवा होता. मी भरला नाही. लिहा म्हणाले तसं लिहिलं.

संध्याकाळी गड्याला सोडलं. शिपायानं ठाण्याचं मागचं दार उघडलं, पण तो हलेना.

"आणलंत ते भर बाजारातून, दोर बांधून," तो म्हणाला. "आता मागच्या दारानं का? बाजारातूनच न्या."

मी टोपी चढवली आणि त्याच्याबरोबर चालत निघालो. लोक वळून पाहत होते. फुलांचे हार विकणारी एक माळीण ओवता ओवता थांबली. "काय हो फौजदारसाहेब, आता आणि काय चोरलं ह्यानं?"

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "यानं काही चोरलेलं नाही. मी चुकून धरला होता."

"तुम्ही म्हणता तर नसंल चोरलं," ती म्हणाली, आणि शेजारचा पितळी तांब्या तिनं उचलून मांडीशी घेतला.

गड्यानं ते पाहिलं. तो पेठच्या वाटेला लागला. पुन्हा तो मला नाशकात दिसला नाही.

पुढे अनेक ठाण्यांत नोकरी केली. गुन्हा नीट तपासल्याशिवाय कुणालाही रस्त्यातून दोर बांधून आणायचं नाही, असा माझा हुकूम असे. हाताखालचे लोक त्याला साहेबांची लहर म्हणत. त्यांना कारण कधी सांगितलं नाही. त्या गड्याला धरायला मला एक दुपार पुरली होती. त्याला सोडणं मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही.