माहेरी गेली, फाईल बंद

आमच्या टॅबमध्ये एक बटण होतं, 'माहेरी गेली' असं. ते दाबलं की त्या बाईची फाईल बंद व्हायची आणि पुढच्या महिन्याच्या यादीतून तिचं घर उडायचं. ज्यानं कोणी हे बटण बनवलं त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. त्याची आई पहिल्या बाळंतपणाला कुठे गेली होती, एवढंच मला विचारायचं आहे.

मी नर्सिंग झालेली. घाटंजी तालुक्यातल्या काही गावांत एका संशोधनासाठी गरोदर बायांचं बीपी, वजन आणि लघवी तपासत फिरायचे. दर महिन्याला त्याच बाया, तेच प्रश्न. गरोदरपणात बीपी कोणाचं वाढतं, वाढलं की पुढे काय होतं, हे शोधायचं होतं. काम चांगलं होतं, आजही म्हणते. बायका अशानंच मरतात आणि कोणीतरी नीट मोजलं पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. ट्रेनिंगमध्ये मात्र संशोधनाच्या साहेबांनी बजावलं होतं, बायांना आकडे सांगत बसू नका, उगाच घाबरतात. नोंद करा, जास्त वाटलं तर दवाखान्याची चिठ्ठी द्या. मीही मान डोलावली. मोठी शहाणी ना मी.

एका गावात वीस वर्षांची पहिलटकरीण होती. माहेर झरी जामणीकडचं, दोन एसट्या बदलून जावं लागे. पोरगी बोलकी. मी बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळायचे आणि ही भावाच्या म्हशीपासून गावातल्या लग्नांपर्यंत सगळं सांगायची. मोजताना बोलू नको म्हणून मी रागवायचे, तेव्हा कुठे मिनिटभर गप्प बसायची. सहाव्या महिन्यापर्यंत तिचं सगळं ठीक होतं.

सातवा संपत आला तेव्हा गेले तर तिचं तोंड सुजलेलं. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. बीपी एकशे पन्नास वर शंभर आलं. तिला डाव्या कुशीवर निजवून थोड्या वेळानं पुन्हा मोजलं, तेवढंच. लघवी तपासायच्या पट्ट्या पंधरा दिवसांपासून संपल्या होत्या, मागून मागून माझी जीभ झिजली होती. एवढं बीपी म्हणजे धोका, हे मला कळत होतं. आणि तोंडातून काय निघालं? थोडं वाढलं आहे, दवाखान्यात दाखवा, मी परवा पुन्हा मोजायला येते. म्हणे थोडं!

तिची सासू ओसरीवर तूर पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "परवा कशी भेटन? उद्या भाऊ येऊन राह्यला तिले न्यायले. परवापासून आठवा लागते, आठव्यात पोरीले वेशीबाहेर काढत नाही."

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. आठव्यात प्रवास नको, म्हणून सातव्यातच पोर माहेरी पोचवायची. सासू वाईट नव्हती, सुनेला जपूनच पाठवत होती. तिकडे बी दवाखाना आहे, माहेरचे दाखवतील, म्हणाली. मी दिलेली चिठ्ठी तिनंच घेतली, घडी करून देवाच्या फळीवर ठेवली, आणि ती तिथेच राहिली. सून आत पिशव्या भरत होती.

मी गल्लीत उभी राहून साहेबांना फोन लावला. माहेरचं गाव आपल्या क्षेत्रात येत नाही, चिठ्ठी दिली ना, मग झालं, तुम्ही पुढचं घर घ्या, असं ते म्हणाले. मी भांडायला पाहिजे होतं. परत आत जाऊन त्या पोरीला हाताला धरून दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्याजवळ होता, तोही मी लावला नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं बटण दाबलं, टॅबवर हिरवी खूण आली. आग लागो त्या खुणेला.

पुढचं मला गावातल्या आशा सेविकेकडून कळलं, वीस-बावीस दिवसांनी. माहेरी तिचं डोकं आठ दिवस दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आईनं बाम चोळला. मग झटके सुरू झाले. पांढरकवड्याला नेलं, तिथून यवतमाळला. पोरगी वाचली, पोटातलं लेकरू गेलं. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, बीपी कधीपासून वाढलेलं होतं? सोबतच्या एकालाही सांगता येईना. आकडा माझ्या टॅबमध्ये पडला होता.

काही महिन्यांनी निष्कर्ष सांगायची बैठक झाली. पडद्यावर रंगीत आलेख, प्रत्येकासमोर समोसा. साहेब समाधानानं म्हणाले, झटके आलेली एकही बाई आपल्या गटात निघाली नाही. मी उठून म्हटलं, माझ्याकडच्या गावातली एक होती. त्यांनी यादी पाहिली आणि शांतपणे सांगितलं की ती माहेरी गेलेल्यांत येते, त्या बाया नियमानं मोजणीतून काढल्या आहेत.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "साहेब, आमच्याकडची पहिलटकरीण माहेरीच जाते. जास्त धोका तिलाच. तुम्ही त्याच बाया काढल्या अन् म्हणता एकही निघाली नाही? निघन कशी?"

कोणीतरी म्हणालं, मुद्दा चांगला आहे, चहानंतर घेऊ. चहानंतर प्रमाणपत्रं वाटली. माझं मी तिथेच टेबलावर टाकलं आणि एसटी स्टँडवर आले. संताप कोणावर काढावा कळत नव्हतं, कारण निम्मा माझ्यावरच होता.

तिथून त्या पोरीच्या गावी गेले. ती सासरी परतली होती. मला पाहून तिनं बाज टाकली, पाणी दिलं. पूर्वीसारखी बोलत नव्हती. मी म्हटलं, तुझा आकडा सांगायला आले. त्या दिवशी एकशे पन्नास वर शंभर होतं, ते थोडं नव्हतं, फार होतं. पुन्हा दिवस राहिले की डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगायचं. तिनं तो आकडा हळूच दोनदा म्हणून पाहिला. मग विचारलं, तेव्हा काहून नाही सांगतलं? मी खरं ते सांगितलं. तुम्ही बाया घाबरता, म्हणून सांगायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं.



"घाबरली असती ना ताई मी," ती म्हणाली. "घाबरली असती तं गेलीच नसती."